उपग्रहाधारित मार्गदर्शन : संकेत, मार्ग आणि सार्वजनिक जबाबदारी

मोटारीतील मार्गदर्शक यंत्रणा हे आता चैनीचे साधन राहिलेले नाही. टॅक्सीचालक, परप्रांतात माल नेणारा ट्रकचालक, रुग्णवाहिका आणि घरपोच वस्तू पोहोचविणारे तरुण यांचा रोजचा व्यवहार तिच्यावर चालतो. अशा साधनाबाबत दोन प्रश्न वेगवेगळे विचारावयास हवेत. वाहन नेमके कोठे आहे, हे यंत्रणेला किती अचूक समजते? आणि पुढे कोणत्या वाटेने जावे, हे ती किती योग्य ठरविते? पहिला प्रश्न अभियांत्रिकीचा आहे. दुसरा बव्हंशी अर्थशास्त्राचा आणि प्रशासनाचा आहे.

संकेताचा प्रश्न

अमेरिकेच्या जीपीएस प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवितात. किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून ग्राहकयंत्र आपले स्थान काढते. येथे सर्व भिस्त वेळेच्या अचूकतेवर असते. सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. नागरी वापराच्या संकेतात हेतुपुरस्सर मिसळली जाणारी अशुद्धता अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केली आणि त्यानंतर मोटारींसाठी ही सेवा खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरली.

तथापि हा संकेत अतिशय क्षीण असतो. ९ किलोमीटरहून अधिक लांबीच्या अटल बोगद्यात तो पोहोचत नाही. मुंबईसारख्या शहरात उंच इमारतींवरून तो परावर्तित होऊन उशिरा पोहोचतो आणि वाहन शेजारच्या रस्त्यावर असल्याचे दिसते. उड्डाणपुलाची अडचण आणखी निराळी आहे. पुलावरचे आणि पुलाखालचे वाहन नकाशावर एकाच बिंदूवर असते. उंचीतील फरक ओळखावा, तर उंचीचे मापन आडव्या स्थानापेक्षा कमी अचूक असते. यावर उपाय आहेत. एकाच वेळी अनेक प्रणालींचे उपग्रह वापरणे, तसेच संकेत तुटल्यावर चाकांच्या फेऱ्या आणि वळणांची नोंद यांवरून स्थानाचा अंदाज बांधणे, हे त्यांपैकी प्रमुख होत.

भारताची स्वतःची ‘नाविक’ प्रणाली याच दिशेचे पाऊल आहे. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. भारत आणि सभोवतालचा १,५०० किलोमीटरचा पट्टा हे तिचे प्रमुख सेवाक्षेत्र होय. काही उपग्रहांतील आयात केलेली अणुघड्याळे निकामी झाल्याने या प्रणालीला मोठा फटका बसला. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात स्वदेशी अणुघड्याळ बसविण्यात आले. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. मार्ग कठीण असला, तरी संकेताच्या समस्येची उत्तरे कोणत्या दिशेने शोधावयाची, हे निश्चित आहे.

अचूक स्थान, चुकीची वाट

दुसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य नोव्हेंबर २०२४ मधील एका घटनेने दाखवून दिले. उत्तर प्रदेशात बरेलीनजीक रामगंगेवरील अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तीन जणांचा मृत्यू झाला. यंत्रणेने दाखविलेल्या मार्गाने ते जात होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. पुलाचा भाग पूर्वीच पुरात वाहून गेला होता. नकाशात मात्र हा बदल झालेला नव्हता, आणि वाहन थांबेल असा पुरेसा अडथळाही पुलाच्या तोंडाशी नव्हता. वाहन कोठे आहे, हे ठाऊक असणे येथे उपयोगाचे नव्हते. रस्ता पुढे नाही, ही माहिती हवी होती. ती माहिती उपग्रह देऊ शकत नाही. ती रस्त्याची देखभाल करणाऱ्या विभागापाशीच प्रथम असते.

देशात सुमारे ६३ लाख किलोमीटर लांबीचे रस्ते आहेत. त्यांपैकी राष्ट्रीय महामार्ग सुमारे दीड लाख किलोमीटर. उरलेले रस्ते राज्ये, जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि ग्रामपंचायती यांच्या अखत्यारीत विखुरलेले आहेत. एखादा पूल बंद करण्याचा आदेश कार्यालयाच्या फलकावर लागतो, पण नकाशापर्यंत पोहोचत नाही. नकाशा बनविणाऱ्या कंपन्या वाहनांच्या हालचालींवरून गर्दीचा अंदाज बांधतात. ज्या आडरस्त्यावर वाहनेच तुरळक, तेथे हा अंदाज लंगडा पडतो. म्हणजे जेथे अनोळखी प्रवाशाला मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज, तेथेच माहिती सर्वांत अपुरी असते.

एकाचा लाभ, सर्वांचा तोटा

मार्गनिवडीची आणखी एक बाजू आहे. यंत्रणा प्रत्येक चालकाला त्याच्यापुरता जलद मार्ग सुचविते. समजा, एका महामार्गाने जाण्यास नेहमी ३० मिनिटे लागतात आणि वस्तीतून जाणाऱ्या मोकळ्या गल्लीने २० मिनिटे. गल्लीत शिरणाऱ्या दर ६० वाहनांमागे तेथील वेळ एक मिनिटाने वाढतो, असे धरू. ३०० वाहने वळली, तर प्रत्येकाची पाच मिनिटे वाचतात. एकूण बचत १,५०० मिनिटांची. परंतु यंत्रणा लाभ संपेपर्यंत वाहने वळवीत राहते. ६०० वाहने शिरली की गल्लीतही ३० मिनिटेच लागतात. बचत शून्य होते, आणि धूर, कर्कश भोंगे व अपघाताचा धोका मात्र वस्तीच्या वाट्याला येतो. दोन रस्त्यांचे असेच उदाहरण अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये मांडले होते. मार्गदर्शक यंत्रणांमुळे ते आता रोजच्या अनुभवात उतरले आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतील लिओनिया या गावाने २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी आपल्या अंतर्गत रस्त्यांवर बाहेरच्या वाहनांना बंदी घातली, ती याच कारणाने.

काय करावयास हवे?

रस्त्याची अद्ययावत माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. ती निर्माण करण्याचा खर्च एका संस्थेला पडतो आणि लाभ सर्वांना होतो. म्हणून ती बाजारावर सोडता येत नाही. रस्ता वा पूल बंद करण्याचा प्रत्येक आदेश त्याच दिवशी एका समान स्वरूपात सर्व नकाशा सेवांना विनामूल्य उपलब्ध व्हावा. शाळा, रुग्णालये आणि दाट वस्त्यांच्या गल्ल्या पर्यायी मार्ग म्हणून सुचवू नयेत, असा निर्देश देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना असावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ ने सदोष रस्त्याबद्दल बांधकाम व देखभाल करणाऱ्यांवर दायित्व टाकले आहे. धोक्याची माहिती न कळविणे हाही देखभालीतील दोषच मानला गेला पाहिजे.

या सर्वांआधी करावयाची गोष्ट मात्र साधी आणि स्वस्त आहे. तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी भक्कम भिंत आणि रात्री चमकणारा फलक हवा. ज्याच्याजवळ कोणतेही यंत्र नाही, अशा सायकलस्वारालाही तो वाचवितो.