देवळाच्या दारापासून सातबाऱ्यापर्यंत



स्वागत समितीच्या वतीनं भजनी मंडळांतून, विहारांतून, पाड्यावस्त्यांवरून आलेल्या आपणा सर्वांचं कळवणात स्वागत करतो.

आमच्या तालुक्यात भक्तीला तोटा नाही. सप्तशृंगीचा गड इथलाच. चैत्रात खानदेशातून माणसं उन्हातान्हाची पायी येतात आणि नांदुरीहून गड चढतात. मार्गशीर्षात पाड्यांवर डोंगऱ्यादेवाचं व्रत सुरू होतं, पावरीच्या सुरावर रात्र रात्र फेर धरतात. एवढं देवाधर्माचं असताना संमेलनाला ‘धर्मचिंतन आणि सामाजिक न्याय’ हा विषय कशाला, असं काहींनी विचारलं. मी म्हणतो, म्हणूनच हा विषय इथं हवा. ज्या पाड्यावर रात्रभर देवाचा जागर होतो, तिथलीच माणसं पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद मिळावा म्हणून खेटे घालतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही, हे आपल्याला ठरवायचं आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. डॉ. आत्माराम पांडुरंग, पुढे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसं त्यात होती. एकच ईश्वर, मूर्तिपूजा नाही, आणि उपासनेत आपल्या संतांचे अभंग. कामगारांसाठी रात्रीच्या शाळाही त्यांनी काढल्या. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जात मोडलीच पाहिजे अशी अट त्यांनी सभासदांना घातली नाही, आणि समाज बराचसा शहरातल्या शिकलेल्यांपुरता राहिला. प्रार्थना शुद्ध झाली, पण प्रार्थनेला बसणारी माणसं फारशी बदलली नाहीत.

ती उणीव ज्यांना सोसवली नाही, ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचा हा मराठा तरुण १९०१ साली ऑक्सफर्डला गेला, दोन वर्षं तौलनिक धर्माचा अभ्यास करून आला आणि प्रार्थना समाजाचा प्रचारक झाला. व्याख्यानं देत, उपासना चालवत त्यांचा जन्म मानानं गेला असता. पण १९०६ च्या ऑक्टोबरात त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं आणि अस्पृश्यांच्या मुलांसाठी परळला शाळा उघडली. बहीण जनाक्का आणि घरची माणसंही त्या कामात उतरली. धर्म शिकून आलेला माणूस वस्तीत शाळा काढतो, याला काही जण धर्मप्रचार सोडून समाजकार्य करणं म्हणतील. शिंद्यांच्या लेखी तो धर्मच होता. मलाही तसंच वाटतं.

आपल्या जिल्ह्यानं तर याहून कठोर धडा दिला आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद झाली. रामनवमीला रथाच्या वेळी दगड खावे लागले. वर्षामागून वर्षं गेली तरी दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून आपण मरणार नाही. १९५६ मध्ये नागपूरला लाखो माणसं बुद्धाच्या वाटेनं गेली. जे दार धरून बसले होते त्यांना वाटलं असेल, आपण देव राखला. दाराबाहेरच्यांनी तोवर आपला धम्म शोधला होता, आपला सन्मान स्वतः मिळवला होता. उशिरा उघडलेल्या दाराशी कोणी थांबून राहत नाही, हे आपण सुधारणावादी म्हणवणाऱ्यांनी तर नीट ध्यानात घ्यावं.

त्या सत्याग्रहाची धुरा वाहणारे कर्मवीर दादासाहेब गायकवाड शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. देवळाच्या दाराशी लढलेला हा माणूस १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांना घेऊन जमिनीसाठी सत्याग्रहाला उभा राहिला. देवळाच्या दारापासून सातबाऱ्यापर्यंतची ही वाट त्यांनी एका आयुष्यात चालून दाखवली.

त्याच वाटेवर मार्च २०१८ मध्ये आपल्या भागातली माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली. वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यांची एक मोठी मागणी होती. पायांना फोड आलेले. तरी मुंबईतल्या दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून संपवला. ज्यांना आपण अध्यात्म शिकवायला निघतो, त्यांच्याकडून हे शिकून घ्या.

म्हणून स्वागताध्यक्ष या नात्यानं या संमेलनाकडे माझं एक मागणं आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत दावेदाराखेरीज गावातल्या दुसऱ्या ज्येष्ठ माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरता येतो. आपल्या भजनी मंडळांत, विहारांत असे ज्येष्ठ आहेत. कोण कुठली जमीन कधीपासून कसतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. लिहिता येणारी तरुण मुलंही आपल्यातच आहेत. आठवड्याच्या उपासनेनंतर तासभर बसून हे जबाब लिहावेत, आणि दावा फेटाळला गेला असेल तर अपिलाचा कागद तयार करून द्यावा. द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या कुटुंबांची कागदपत्रं मागे कोणी सांभाळायची, तेही मंडळानं ठरवावं. उद्याच्या शेवटच्या सत्रात तसा ठराव यावा आणि त्याखाली गावांची नावं यावीत.

व्यवस्थेत काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ आहे. पंगत एकच आहे, व्यासपीठावरच्यांनाही तिथंच बसायचं आहे.

संमेलनाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी कामकाज सुरू करावं.