आमच्या दारापुढचा रस्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मंडळात आजवर माझे काम म्हणजे चिवडा करणे आणि सतरंज्या झटकणे. यंदा वस्तीच्या रस्त्यावर कोणीतरी बोलावे असे ठरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखविले. कारण तुम्हांला ठाऊकच आहे. ह्या रस्त्यापायी आमच्या घरी पंधरा दिवस अबोला होता. ते सांगतेच.

वर्धा शहर 1866 साली पालकवाडीच्या जागी आखून वसविले, म्हणून तेथले जुने रस्ते रुंद नि सरळ. आपले सिंदी मेघे तसे नाही. शेत होते, त्याचे लेआऊट पडले, एकाला दुसरे जोडत गेले आणि गाव शहराला येऊन टेकले. (बाहेरगावचे पाहुणे अजून सिंदी रेल्वेला उतरतात आणि मग फोन करतात, ती गंमत निराळीच.) सकाळी साडेनऊला शाळेचे ऑटो, कामावर जाणारांच्या गाड्या, दूधवाला आणि गिट्टीचा ट्रॅक्टर एकाच वेळी समोरासमोर येतात. मग कोणी मागे घ्यायचे, यावर भांडण.

"एवढा पैसा येऊन राह्यला, जाते कुठं?" असे आपण दळण टाकायला गेलो की म्हणतो. मीही म्हणत असे. एकदा शेजारच्या काकूंनी ओढून नेले म्हणून ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेला गेले. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी असे कायद्यातच आहे, हे मला चाळिशीत कळले!

तेथे समजले ते सांगते. 15 व्या वित्त आयोगाचा पैसा 2020 ते 2026 पर्यंत गावांना मिळाला. आपल्या राज्यात त्या शंभर रुपयांतले 80 ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला, 10 जिल्हा परिषदेला. पहिले वर्ष सोडले तर त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले. उरले 40, त्यांतच रस्ता आणि बाकी सारे. महिन्याचा पगार हाती आला की आपण दुधाचे, फीचे पैसे वेगळे बांधून ठेवतो ना, तसेच. आणि हा पैसा मुख्यत्वे डोकी मोजून वाटतात, तीही 2011 च्या शिरगणतीची. 2021 ची शिरगणती झालीच नाही. माझी धाकटी 2012 ची. म्हणजे त्या हिशेबात ती जन्मलीच नाही, पण रस्त्यावर सायकल तर चालवते! 2011 नंतर आपल्याकडे किती घरे उठली ते तुम्ही पाहताच.

सभेत बरीच वादावादी झाली. कोणी म्हणे समोरचा मोठा रस्ता आधी रुंद करा, कोणी म्हणे आतल्या गल्ल्यांत सिमेंट टाका. मी उठून म्हटले, आधी नाली करा. जुना रस्ता न खोदता त्यावर नवा थर चढला की रस्ता वर जातो, घर खाली जाते आणि पावसाचे पाणी देवघरात येते. आमच्याकडे दोनदा आले आहे. भाजी विकणाऱ्या एक आजी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रस्ता मोठा करा बाप्पा, पण मले कुठं बसवता ते आधी सांगा." यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. शेवटी त्यांना लेआऊटमधल्या मोकळ्या जागेत बसू द्यावे, असे आम्ही लिहून दिले. मग त्याच आजी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "माही टोपली तर संध्याकाळी उठते. तुमचे ओटे कवा उठतात?"

मैत्रिणींनो, मी खाली मान घातली. घरी येऊन लेकीला टेप धरायला लावले. लेआऊटच्या नकाशापेक्षा आमच्या दारापुढे रस्ता चार हात कमी भरला. दोन हात आमचा ओटा, दोन हात समोरच्यांचा रपटा.

तो ओटा मामंजींनी स्वतः बांधलेला. ते गेल्यापासून सासूबाई त्यावर बसून तांदूळ निवडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलतात. मी विषय काढताच घरात चूल थंड पडल्यासारखे झाले. आमचे हे म्हणाले, "सगळ्यांनी काढले की आपण काढू." त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. त्यातच एका रात्री गल्लीच्या टोकाच्या आजोबांच्या छातीत दुखू लागले. ॲम्ब्युलन्स आमच्या ओट्यापाशी अडकली आणि पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून तेथवर आणले. ते वाचले. सासूबाई दारात उभ्या राहून सारे पाहत होत्या. तरी आठ दिवस काही बोलल्या नाहीत. मग एके सकाळी म्हणाल्या, "काढा, पण माझ्या डोळ्यांदेखत नको," आणि वन्संकडे पुलगावला निघून गेल्या. परत आल्या तेव्हा फाटकाच्या आत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. बसल्या. पण ओट्याची सर तिला नाही, असे अजूनही म्हणतात, आणि ते खरे आहे.

समोरचा रपटा अजून तसाच आहे. त्या बाईही मंडळात आहेत, आज येथे बसल्या आहेत, रागावू नयेत.

आता एक शेवटचे. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग कितीही थोडे आले तरी चालते. हळदीकुंकवाला आपण शंभर जणी सहज जमतो. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला सभेची दवंडी किंवा मोबाईलवर निरोप येईल. मी स्वयंपाक उरकून दहाला निघणार. जाताना कोणाकोणाच्या दारात हाक मारू, ते आज चिवडा घेताना मला सांगून ठेवा.