शंकासुराचे फूल आणि मेरियनबाईंची साक्ष



कोकणात, गोमंतकात अंगणाच्या कडेला लाल-पिवळ्या तुऱ्यांचा शंकासुर फुललेला अनेकांनी पाहिला असेल. हेच फूल 1705 साली ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात चितारलेले आहे. ग्रंथकर्त्या होत्या मारिया सिबिला मेरियन.

फ्रँकफुर्टमध्ये 1647 साली जन्मलेल्या मेरियनबाईंना कलेचे धडे मिळाले ते सावत्र वडील, पुष्पचित्रकार याकोब मारेल यांच्याकडून. 1691 मध्ये त्या ॲम्स्टरडॅमला आल्या. तेथील औषधी उद्यानातील दुर्मिळ वनस्पतींची जलरंगचित्रे त्या काळी चर्मपटावर तयार होत होती. मारिया मोनिंक्स, अलिडा विथोस आणि मेरियनबाईंची थोरली कन्या योहाना हेलेना यांचा त्या कार्यात वाटा होता. पान, फूल, फळ जसे असेल तसेच उतरावे, ही त्या चित्रांची शिस्त. मेरियनबाईंनी तीत एक भर घातली. ज्या झाडावर जो सुरवंट जगतो, त्याच झाडावर त्याचा कोष आणि पतंगही त्या रेखाटीत.

1699 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकटी कन्या डोरोथिया मारिया हिला घेऊन त्या दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गेल्या. साखरेवाचून दुसरे काही शोधणाऱ्या या स्त्रीची तेथील मळेवाल्यांनी थट्टा केली. आजारपणामुळे 1701 मध्ये त्यांना परतावे लागले. परंतु त्या श्रमांतून साठ चित्रपटांचा ग्रंथ सिद्ध झाला.

त्यातील पंचेचाळिसावे चित्र शंकासुराचे. सोबतच्या मजकुरात त्या लिहितात की, डच मालकांच्या छळाने गांजलेल्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बियांनी गर्भपात करीत. आपल्या मुलांच्या वाट्याला गुलामी येऊ नये, म्हणून. हे त्यांना त्या स्त्रियांनीच सांगितले होते.

विद्वानांच्या ग्रंथांत सहसा न येणारी ही साक्ष एका पुष्पचित्राच्या आधाराने टिकली. मेरियनबाईंच्या दिमतीसही गुलाम होते, हेही विसरता येत नाही. जंगलात वाट काढणाऱ्या, अळ्या आणि मुळ्या आणून देणाऱ्या त्या माणसांची नावे ग्रंथात नाहीत. ते चित्र पाहताना चित्रकर्तीच्या कुंचल्याबरोबर या अनाम हातांचेही स्मरण व्हावे, एवढीच विनंती.