बॉर्डरलाइन अहवाल : भीती नको, दुर्लक्षही नको

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत हृदयरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण)



ट्रेडमिल चाचणीच्या अहवालावर ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द दिसला की घराची झोप उडते. कोणी दागिने गहाण टाकून अँजिओग्राफीसाठी मुंबई गाठतो, तर कोणी अहवाल कपाटात ठेवून ‘काही निघाले नाही’ असे सांगतो. दोन्ही मार्ग घातक आहेत.

दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढविण्याची ही प्रचलित पद्धत अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाने ओळखली जाते. श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडले, तर ई.सी.जी.मधील एस.टी. रेषा खाली उतरते. ती एक मिलिमीटर किंवा अधिक उतरून सपाट राहिली, तर अहवाल पॉझिटिव्ह मानतात. उतार त्याहून थोडा कमी असेल, तर तो बॉर्डरलाइन ठरतो. मात्र रक्तक्षय, जुना रक्तदाब किंवा काही औषधे यांमुळेही ही रेषा बदलते. शिवाय ही चाचणी हृदयविकार असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनाच ओळखते आणि विकार नसलेल्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला उगाच संशयात टाकते.

म्हणून कागदाबरोबर माणूसही पाहावा लागतो. कल्पना करा, रोह्याच्या 35 वर्षांच्या एक गृहिणी आहेत. छातीत कधी दुखत नाही, पण हिमोग्लोबिन कमी आहे. दुसरे पेणच्या गणपतीच्या कारखान्यातील 58 वर्षांचे मूर्तिकार. मधुमेह आहे, विडी सुटलेली नाही, जिना चढताना छाती आवळते. दोघांचा अहवाल एकच. पहिल्या रुग्णाला रक्तक्षयाचे उपचार आणि फेरतपासणी बहुधा पुरेल. दुसऱ्यांना मात्र स्ट्रेस इको, सी.टी. अँजिओग्राफी किंवा थेट अँजिओग्राफीचा विचार लवकर करावा लागेल.

डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारा : किती मिनिटे चालणे झाले? चालताना छातीत दुखले का? नाडी अपेक्षित गतीपर्यंत पोहोचली का? औषधे मनाने बंद करू नका. विश्रांतीतही छाती दाटून घाम फुटला, तर अहवालाची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

यंत्र आपल्या देणगीतून येते. अहवाल समजावून सांगण्यासाठी लागणारा वेळ देणे हे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य आहे.