सीमेपलीकडचे कल्याण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण म्हणाल तर सातवी. पण चिटणीसबाईंनी गळ घातली, की "सहलीला तू आली होतीस, सगळे विचारून घेत होतीस, तेव्हा तूच सांग." म्हणून चार शब्द सांगते. काही चुकले तर आपल्याच घरची म्हणून सांभाळून घ्या.

२०२४ सालच्या जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपल्यावर मंडळाची सहल काढायचे ठरले. दर खेपेस आपण तुळजापूर नाही तर पंढरपूर करतो. या खेपेस कुणीतरी म्हणाले, बसवकल्याणला जाऊ. एका दिवसात जाऊन येणे होते, आणि जुने अवशेष पाहणेही होईल. त्यावर आमच्या शेजारच्या काकू एकदम बोलल्या, "पडक्या भिंती बघायला पैसे खर्चून जायचं? आपण काय थोड्या बघितल्या?" सभेत क्षणभर कुणी बोलले नाही. आपल्या गावात या प्रश्नाला कोण काय उत्तर देणार? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या खोलीतल्या निम्म्या बायकांनी पाहिलेली आहे. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटे कमी असतील, आणि गाव खाली आले. काकूंची दोन लेकरे त्यात गेली. माझी आजी आणि धाकटा भाऊ गेला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. नुकतीच सातवी पास होऊन आठवीत बसले होते. पुढे पत्र्याच्या शेडात दिवस काढले. शाळा सुटली ती सुटलीच.

तरी शेवटी बावीस जणींनी नावे दिली. माणशी चारशे रुपये काढले, दोन क्रूझर ठरवल्या. आणि काकूही आल्या. "घरी बसून तरी काय करू?" म्हणाल्या.

पहाटे पाचला निघालो. धपाटे, शेंगांची चटणी, दह्याची बरणी बरोबर होती. उमरग्याहून हैदराबादचा रस्ता धरला. तुरोरी, तलमोड मागे पडले आणि पाट्यांवरची अक्षरे बदलली. सीमा आली एवढेच त्यावरून कळायचे. रान तेच, तीच काळी माती, तीच तूर नि ज्वारी. १९४८ पर्यंत आपण आणि ते एकाच निजामाच्या राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे राज्ये झाली, तेव्हा त्या वेळच्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे आले, आणि बिदर, कल्याण तिकडे गेले. पण लेकी देणे-घेणे काही थांबले नाही. आपल्या मंडळातच तिघींचे माहेर पलीकडचे आहे. सस्तापूर बंगल्यावर चहाला थांबलो, तर चहावाल्याने "बर्री अक्का" म्हणून हाक दिली. गावाचे नाव ऐकून काकूंना हसू आले, "अगं, हे आपल्या सास्तूरचंच भावंड दिसतंय."

कल्याणात एक निवृत्त मास्तर आम्हांला दाखवायला आले. मराठी नि कानडी दोन्ही सारखी बोलत. ते प्रथम किल्ल्यात घेऊन गेले. आमच्यातल्या एकीने विचारले, "मास्तर, राजाचा वाडा कुठला?" ते म्हणाले, "बाई, चालुक्यांचा वाडा म्हणून बोट दाखवावे असे काही उरलेले नाही. हा किल्ला दिसतो तो पुष्कळसा बहामनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांचा." आम्ही जरा हिरमुसलो. तेव्हा ते म्हणाले, "वाडा गेला, पण इथली तीन गाठोडी तुम्ही अजून डोक्यावर वागवता. ती ऐका."

पहिले गाठोडे ओवीचे. साधारण १०४२ च्या सुमारास पहिल्या सोमेश्वराने राजधानी कल्याणला आणली. पुढे सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे इथून राज्य करीत होता. त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. त्याने 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ केला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सारे त्यात आहे. मांड्यांची कृती आहे, उडदाच्या पदार्थांची आहे. आणि त्यातच गाण्यांविषयी सांगताना राजा लिहितो, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात. हे ऐकले आणि आम्ही एकमेकींकडे पाहातच राहिलो. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणच्या राजाच्या कानावर आपल्या बायकांची ओवी गेली होती! त्या बायांना त्याचा पत्ताही नसेल. किल्ल्याच्या सावलीत बसून दोघी-तिघींनी मग जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. मास्तर टोपी काढून ऐकत राहिले.

दुसरे गाठोडे जरा जड आहे. विक्रमादित्याच्या काळी इथे विज्ञानेश्वर नावाचे पंडित होते. त्यांनी याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. घराण्याच्या जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासून, हा नियम त्यातला. बंगालकडचा भाग सोडला तर जवळजवळ साऱ्या देशात हिंदूंच्या वाटण्या पुढे तिच्याच आधाराने होत आल्या. मुलीला मात्र तो जन्माचा हक्क नव्हता. आपल्या महाराष्ट्राने १९९४ साली कायदा करून लग्न न झालेल्या मुलींना तो दिला, आणि २००५ साली साऱ्या देशात मुलींना मुलाइतकाच हक्क झाला. एक वहिनी पटकन बोलल्या, "म्हणजे आमच्या सातबाराचं भांडण इथून सुटलं म्हणायचं!" सगळ्या हसल्या. पण गाडीत बसल्यावर ज्या त्या बाईने आपापल्या माहेरच्या शेताचा विचार केला असेल, हे मी खात्रीने सांगते. भावाला दुखवायचे नाही म्हणून आपण सही देऊन येतो. द्यावी, न द्यावी, ज्याचे त्याने पाहावे. पण काय देतो आहोत हे वाचून द्यावी, एवढेच माझे म्हणणे.

तिसरे गाठोडे शरणांचे. बसवेश्वर महाराज बिज्जल राजाचे प्रधान होते. त्यांच्या अनुभवमंडपात चांभार, धोबी, नावाडी, बाया, सगळे एका पंक्तीला बसून बोलत. आता गावाबाहेर त्यांचा १०८ फुटी पुतळा उभा आहे, लांबून दिसतो. पण मला पुतळ्यापेक्षा लक्कम्माची गोष्ट आवडली. आयदक्की लक्कम्मा, म्हणजे सांडलेले तांदूळ वेचणाऱ्याची बायको. सांगतात, की एके दिवशी नवरा रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. ती म्हणाली, आपल्याला लागतात तेवढेच ठेवा, बाकीचे जिथले तिथे नेऊन टाका. घर चालवणाऱ्या बाईलाच हे बळ असते. पुढे याच कल्याणात ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचे लग्न चांभार हरळय्याच्या मुलाशी लागले, म्हणून दोन्ही बापांना हाल करून मारले. कल्याण पेटले, शरण चहूकडे पांगले. राजधानीची शोभा गेली ती मग फिरून आली नाही.

दुपारी झाडाखाली धपाटे सोडले. बोलता बोलता मास्तरांनी दूरदेशीची हकीकत सांगितली. अमेरिकाखंडाच्या मधल्या भागात ग्वातेमाला देशात माया लोकांचे तिकाल नावाचे जुने नगर आहे. शेजारच्या बेलीझ देशातून लोक सकाळी सीमा ओलांडून ते पाहायला येतात आणि संध्याकाळी घरी जातात, जसे आज आपण आलो. ते नगर हजार वर्षांपूर्वी ओस पडून रानात बुडाले. लोक समजतात, माया संपले. पण ते संपलेले नाहीत. आजही लाखो माया लोक आपली भाषा बोलतात, शेती करतात, लुगडी विणतात. काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय, गाव पडलं म्हणून माणसं का सरतात?"

तिथून हुमनाबादच्या बाजूने जलसंगवीला गेलो. तिथे चालुक्यांच्या वेळचे महादेवाचे देऊळ आहे. बाहेरच्या भिंतीवर नाचणाऱ्या, आरसा पाहणाऱ्या दगडी बाया ओळीने कोरल्या आहेत. आम्ही आत गेलो, पण काकू दाराशीच थांबल्या. तीस वर्षे झाली, ही बाई दगडी छताखाली जात नाही. मी त्यांच्याजवळ बसले. माझे यजमान गवंडीकाम करतात, त्यामुळे मला थोडे कळते. मी सांगितले, "काकू, हा दगड घडीव आहे, एकात एक बसवलेला. वजन खांबांवर आहे. आपल्या माळवदाच्या भिंती दोन-अडीच हात रुंद होत्या, पण गोल धोंडे नि चिखल. आतला थर नि बाहेरचा थर यांना बांधणारा आडवा दगड कुणी घातलाच नव्हता. वर दरवर्षी मातीचा नवा थर. हादऱ्यात त्या फुटणारच होत्या. तुमचं त्यात काही चुकलं नाही." त्या काही बोलल्या नाहीत. (जाता जाता सांगते, भगिनींनो, पुनर्वसनाच्या घराला जी कुणी खोली वाढवीत असेल तिने दाराच्या वर चारी बाजूंनी सिमेंटचा आडवा पट्टा घेतल्याशिवाय भिंत पुढे चढवू देऊ नये. गवंडी 'कशाला' म्हणाला तरी ऐकू नये.)

तेवढ्यात मास्तरांनी हाक मारली. बाहेरच्या भिंतीवर एक बाई आहे, ती नाचत नाही की नटत नाही. ती लिहिते. हातात लेखणी, समोर पाटी, आणि पाटीवर खरोखरच जुन्या कानडी लिपीत अक्षरे कोरलेली. नऊशे वर्षांपूर्वीची लिहिणारी बाई! भिंत बाहेरची, म्हणून काकूही उठून आल्या. पुष्कळ वेळ पाहून म्हणाल्या, "काय लिहिती ही?" मास्तर म्हणाले, "विक्रमादित्य राजाची स्तुती." काकू म्हणाल्या, "राजाचं लिहिलं हिनं. आमच्या लेकरांचं कोण लिहिणार?"

मला उत्तर सुचले नाही. नावे यादीत असतात. पण यादीत नाव आणि वय एवढेच असते. काकूंचा धाकटा गूळ-शेंगदाण्यासाठी खांबाला मिठी मारून रडायचा, हे कुठल्या यादीत आहे? माझी आजी कुठल्या ओव्या म्हणायची, हे कुठे आहे?

रात्री नऊला गावात पोचलो. दुसऱ्या दिवशी मुलाची एक कोरी वही घेतली आणि काकूंकडे गेले. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. वेशीपासून आमची गल्ली, अकरा घरे, कुणाच्या दारात निंब, कुणाच्या घरी जाते मोठे, कोण कोण होते, कोण गेले. सातवीत माझे अक्षर चांगले होते. आता हात वळत नव्हता. तरी चार दिवसांत गल्ली पुरी झाली. शेवटच्या दिवशी काकूंनी आपल्या लेकरांची नावे स्वतः घेतली. तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ती मी पहिल्यांदा ऐकली.

मंडळाला माझी विनंती एवढीच, की प्रत्येक गल्लीतल्या एका मुलीने किंवा सुनेने अशी एक वही घालावी. जुने गाव पाहिलेल्या बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत. जुन्या गावठाणात आमच्या घराच्या जागी बाभळी उगवल्या आहेत. तिथे आणखी शंभर वर्षांनी कुणी पाहायला आले, तर त्याला दाखवायला मास्तर मिळेल न मिळेल. वही तरी असावी. शुद्धलेखनाची लाज धरू नका. मीही धरली नाही.