दिव्य आणि यंत्र
(सीमाभागातील नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



संशयावरून चौकीत नेलेल्या माणसापुढे एक सवाल टाकला जातो : 'तू निर्दोष आहेस ना? मग यंत्रापुढे बसायला का भितोस?' सवाल साधा दिसतो, पण त्यात फास आहे. होकार दिला तर आपला देहच आपल्याविरुद्ध साक्षीला उभा राहण्याचा संभव. नकार दिला तर गावभर बोभाटा, की मनात पाप असल्याखेरीज कोण नाही म्हणेल? खोटे पकडण्याच्या यंत्राची, म्हणजे पॉलिग्राफची, चाचणी द्यावी की नाकारावी, याचा शांत विचार चौकीच्या बाकावर होत नाही. तो आजच करून ठेवावा, एवढ्यासाठी आम्ही उभे आहोत.

हा सवाल आपल्या मुलखाला नवा नाही. मराठेशाहीत वतनाचा तंटा साक्षीपुराव्याने मिटेना, तर दिव्य करण्याची चाल होती. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा. मग हात बांधून त्यावर मोहोर करावयाची, आणि मुदतीनंतर उघडून पाहावयाचा. हात पोळलेला दिसला तर तो पक्ष खोटा ठरे! आज आपण त्या चालीला हसतो. हात उष्णतेने पोळतो, असत्याने नव्हे, हे आपल्याला कळते.

मग यंत्र तरी काय मोजते? रक्तदाब, नाडी, श्वास आणि घामाने त्वचेत होणारा विद्युत्वहनाचा बदल. असत्य मोजणारी तार त्यात कोठेही नाही. भीतीने, संतापाने, लाजेने किंवा रात्रभरच्या जागरणानेही नाडी धावते. उलट, कोडग्या माणसाची ती धावतही नाही. अमेरिकेच्या सी. आय. ए. या गुप्तहेर खात्यातील अधिकारी ऑल्ड्रिच एम्स हा सोव्हिएत सरकारला गुपिते विकीत असताना १९८६ आणि १९९१ या दोन्ही वर्षी या चाचणीतून निभावून गेला. तो पकडला गेला १९९४ साली. त्याच देशात १९२३ साली फ्राय खटल्यात न्यायालयाने या यंत्राच्या पूर्वजाचा पुरावा नाकारला होता.

आता आपला कायदा पाहू. राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते, की कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पॉलिग्राफ, नार्को आणि मेंदूची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. हे संरक्षण केवळ कोर्टात नव्हे, तर तपासातही आहे. संमतीने दिलेल्या चाचणीचा निष्कर्षसुद्धा स्वतंत्र पुरावा होत नाही. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा : स्वेच्छेने दिलेल्या चाचणीतील माहितीवरून पुढे काही वस्तू वा वस्तुस्थिती हाती लागली, तर तो शोध पुराव्यात येऊ शकतो.

म्हणजे हिशेब असा. चाचणी अनुकूल गेली तरी तेवढ्याने सुटका नाही. प्रतिकूल गेली तर, कोर्टात नसली तरी लोकांत, शिक्षा सुरू झालीच. तरीही कोणाला ती द्यावीशी वाटली, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. तपास योग्य दिशेला वळावा ही इच्छा रास्त आहे. पण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली घालून दिलेल्या अटी त्याने मागून घ्याव्यात. वकिलाचा सल्ला मिळावा. चाचणीचे परिणाम समजावून दिले जावेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदविली जावी. चाचणी रुग्णालयासारख्या स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत करावी. सीमाभागातील माणसाला आम्ही आणखी एक गोष्ट बजावतो. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही म्हणजे संमती नव्हे. कागद आपल्या भाषेत समजावून मागा, आणि समजल्यावाचून सही करू नका.

कोणी म्हणेल, १९५६ पासून सत्याग्रह करीत आलेल्या लोकांनी परीक्षेला नकार द्यावा, हे शोभते काय? आमचे उत्तर असे, की सत्याग्रही जे बोलतो ते शुद्धीवर राहून, स्वतःच्या मुखाने आणि परिणाम पत्करून बोलतो. यंत्र त्याचे मुख बाजूला सारून त्याच्या नाडीला विचारते, आणि नाडीच्या उत्तरावर त्याचा ताबा नसतो. तेव्हा तोंडाने सत्य सांगणारा माणूस यंत्राला नाही म्हणू शकतो. त्यात विसंगती नाही.

राहता राहिला बोभाटा. तो न्यायालय थांबवू शकत नाही. तो आपल्या हाती आहे. उद्या आपल्या गल्लीतील कोणी 'मी चाचणी देणार नाही' असे म्हणाला, तर ओट्यावर बसून त्याचा निकाल लावू नका. त्याचा नकार हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नव्हे. तो घटनेने प्रत्येकाला दिलेला हक्क आहे. शेजाऱ्यांच्या जिभेच्या भीतीने जेथे माणूस होकार देतो, तेथे तो होकार स्वेच्छेचा कसला? दिव्याची कढई आपण केव्हाच विझविली. ती लोकापवादाच्या आगीवर पुन्हा चढवू नये, हीच आमची विनंती.