यंत्र कोणाच्या हाती?



गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने १९७२ मध्ये जपानी अ‍ॅनिमेला एक नवी जागा दिली: महाकाय यंत्रमानवाच्या डोक्यातली चालकाची जागा. तिथे बसला कोजी काबुतो. सायाका युमीलाही ‘अफ्रोडाय ए’ नावाचा यंत्रमानव मिळाला, पण तो वारंवार मोडून पडायचा आणि कोजीने धावून यायचे. मेका, म्हणजे अशा यंत्रमानवांच्या, अ‍ॅनिमेतल्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न इतका जुना आहे. पडद्यावर किती वंशांचे आणि रंगांचे चेहरे दिसले, याची मोजदाद करून तो सुटत नाही. यंत्र कोणाच्या हाती आहे आणि कथा संपताना कोण जिवंत उरते, हे पाहावे लागते.

विषमता मेका अ‍ॅनिमेच्या कलावंतांना दिसत नव्हती असे मुळीच नाही. १९७७ च्या ‘व्होल्टेस फाइव्ह’मध्ये बोआझान ग्रहावर शिंगांसह जन्मलेले ते सरदार आणि बिनशिंगांचे ते गुलाम. यंत्रमानव चालवणाऱ्या तीन भावांचा बाप उमराव घराण्यात बिनशिंगांचा जन्मलेला बंडखोर. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारी ही व्यवस्था भारतीय प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फिलिपिन्समध्ये ही मालिका अफाट लोकप्रिय झाली, आणि १९७९ मध्ये शेवटचे भाग उरले असतानाच मार्कोस सरकारने ती बंद पाडली. कारण दिले हिंसाचाराचे. त्या उरलेल्या भागांत गुलामांचा उठाव होता.

त्याच वर्षी जपानमध्ये योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गंडम’ सुरू झाली. तिच्यात लाला सून येते: भारतीय वंशाची, सावळी, कपाळावर टिकली असलेली मुलगी. दूरवरची शस्त्रे ती केवळ मनाच्या बळावर फिरवते. शार आणि आमुरो हे एकमेकांविरुद्ध लढणारे दोन्ही कसलेले योद्धे तिच्या शक्तीपुढे थक्क होतात. मालिकेच्या अखेरीकडे ती येते आणि शारला वाचवताना आमुरोच्या घावाने मरते. पुढे १९८८ च्या ‘शार्स काउंटरअ‍ॅटॅक’ या चित्रपटातही हे दोघे तिच्यावरूनच भांडत राहतात. तिला काय हवे होते, तिचे घर कुठे होते, हे मूळ मालिका जवळजवळ विचारतच नाही. तोमिनो यांच्या थोरवीबद्दल शंका नाही, पण इथे त्यांनी एका भारतीय मुलीला दोन पुरुषांचे दुःख करून ठेवले.

तोमिनो मात्र तिथेच थांबले नाहीत, हे त्यांच्याबद्दल आवर्जून सांगायला हवे. १९९९ च्या ‘टर्न ए गंडम’चा नायक लोरान सियाक सावळा आहे, चंद्रावरून आलेला आहे, आणि प्रसंगी ‘लोरा’ होऊन स्त्रीवेशात वावरतो. मालिका त्याची चेष्टा करत नाही.

२००६ च्या ‘कोड गियास’ने तर जपानलाच वसाहत केले. साम्राज्य जपान्यांना ‘इलेव्हन’ म्हणून आकड्याने ओळखते. गुरेन हे बंडखोरांचे जबरदस्त यंत्र घडवते रक्षता चावला ही भारतीय शास्त्रज्ञ आणि ते चालवते मिश्र रक्ताची कालेन. लालाच्या मानाने ही फार मोठी मजल आहे.

या मालिकेचे लेखक इचिरो ओकोउची यांनीच पुढे २०२२ ची ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ लिहिली. टीव्हीवरच्या गंडम मालिकेचे प्रमुख पात्र प्रथमच एक मुलगी, सुलेत्ता. तिचा वाङ्‌निश्चय मिओरीनेशी होतो, आणि शेवटी दोघींच्या बोटांत अंगठ्या दिसतात. युद्धाने सुलेत्ताचे शरीर खिळखिळे केले आहे; ती कुबडीच्या आधाराने चालते, पण जिवंत आहे, आपल्या माणसांत आहे. एवढे करूनही २०२३ च्या जुलैत एका मासिकाच्या डिजिटल आवृत्तीतून दोघींच्या लग्नाचा उल्लेख वगळला गेला, आणि निर्मात्या कंपनीने अर्थ प्रेक्षकांवर सोपवल्याचे सांगितले. पडद्यावर जे स्पष्ट दाखवले, ते शब्दांत सांगताना कचरायचे कारण नव्हते. ही माघार चुकीचीच होती.

मराठी विज्ञानकथाकारांना या व्यासपीठावरून एक विनंती आहे. पुढच्या कथेतले यान पाड्यावरच्या किंवा वस्तीवरच्या एखाद्या मुलीच्या हाती द्या. तिला चुकू द्या, जिंकू द्या, आणि नायकाच्या आठवणीपुरती उरवण्यासाठी तिला मारू नका.